पाण्यातली बोट धुवायची कशाला?

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी गावातच असतो आणि दरवर्षी बांधीत कोणीतरी हा प्रश्न टाकतोच. यंदा शेजारच्या काकूंनी टाकला. हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी, पाय गुडघाभर गाळात, मान वरसुद्धा केली नाही. "पान्यातली बोट धुवाले पैसे कोन देते गा तुले?" बाकीच्या बाया खदखदून हसल्या. मीही हसलो आणि धुऱ्यावरून चहाची किटली पुढे केली. पण हाच प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एसटीत, सगळीकडे येतो. तुम्हीही विचारलात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला, वैनगंगेच्या काठचा. घरची धानाची शेती थोडकी, बाबांचा मासेमारीचा डोंगा होता. मी गोव्याकडे एका बोटीच्या यार्डात शिडाच्या कॅटामरान घासतो, चमकवतो आणि त्यांच्या बुडाला रंग लावतो. पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळतो, म्हणून मे महिन्यात बोटी वर काढतात. तेव्हा एक हंगाम. मग मी जूनमध्ये गावी येतो, रोवणी उरकतो, पोळा झाला की परत जातो. बोटी पुन्हा पाण्यात उतरायच्या आधी दुसरा हंगाम. आपल्या शेतीच्या पंचांगात हे काम असं काही फिट्ट बसलंय की ठरवूनही बसलं नसतं.

कॅटामरान म्हणजे काय, हे गावात सांगताना मी बैलजोडी दाखवतो. दोन अरुंद लांब बोटी शेजारी शेजारी, वर जू ठेवल्यासारखा सपाट मजला, मधून पाणी वाहतं. शब्द तमिळ आहे: कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड. तिकडच्या कोळ्यांचे ते एकत्र बांधलेले ओंडके. आताच्या कॅटामरानला लाकूड नावाला असतं, सगळं फायबर. 40 फुटी बोट रुंदीला साधारण 22 फूट भरते, म्हणजे आमच्या घराच्या अंगणात मावणार नाही. जोडी असल्यामुळे काम दुप्पट, असं लोकांना वाटतं. तसं नाही, दुपटीहून जास्तच. दोन बोटींच्या चार बाजू, शिवाय त्या मजल्याची खालची बाजू, जिथे उताणं पडून हात वर करून घासावं लागतं आणि साबणाचं पाणी कोपरावरून थेट काखेत येतं.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. पाण्यातल्या वस्तूला पाणी धूत नाही. पाणी तिच्यावर घर करतं.

बोट पाण्यात उतरली की काही दिवसांतच तिच्या अंगाला बुळबुळीत थर धरतो, आपल्या तळ्याच्या पायरीवर धरतो तसाच. त्या थरावर शेवाळ येतं आणि मग येतात बार्नेकल. चुन्याच्या छोट्या ज्वालामुखीसारखा दिसणारा हा प्राणी शिंपल्याचा भाऊबंद वाटतो, पण नातं लावायचं तर खेकड्या-झिंग्यांशी. लहानपणी पाण्यात पोहत असतो. एकदा जागा पसंत पडली की डोकं खाली चिकटवून घेतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि उरलेलं आयुष्य पाय बाहेर काढून अन्न ओढत बसतो. त्याचा डिंक असा की बार्नेकल उपटला तरी खाली गोल पांढरी चकती उरते. शिडाची बोट चालते वाऱ्यावर, आणि वारा काही मागाल तेवढा मिळत नाही. बुडाला नुसती बुळबुळ असली तरी चाल पडते, बार्नेकल धरले तर बोट गाळात रुतलेल्या बंडीसारखी चालते.

म्हणून बोट वर काढल्यानंतरचे पहिले तास आमचे. क्रेनचे पट्टे अजून ओलेच असतात, बुडातून पाणी गळत असतं, आणि सडक्या माशांचा, आयोडीनचा, गटाराचा असा एकत्र वास सुटतो की नव्या पोराचं जेवण गेलंच समजा. थांबायचं नाही. ओलं आहे तोवर प्रेशरच्या पाण्याने ते पापुद्र्यांनी निघतं. चहा प्यायला गेलात, ऊन लागलं, की तेच सिमेंट होतं. मी प्लास्टिकची खरवडणी वापरतो. लोखंडी पट्टी भराभर काम करते आणि भराभर ओरखडे पाडते.

खालच्या भागाला मग तांब्याचा रंग. हो, तांब्याचा. या रंगाचा डबा उचलला तर नेहमीच्या रंगाच्या डब्यापेक्षा चांगलाच जड लागतो, कारण आत तांब्याची संयुगं असतात. ती तळाशी बसतात, म्हणून काठीने मरेस्तोवर ढवळावं लागतं. न ढवळता लावला तर वरचं पातळ बोटीला आणि मोलाचं डब्यात. काही रंग साबणाच्या वडीसारखे हळूहळू झिजतात आणि खालचं ताजं तांबं उघडं करत जातात, त्यामुळे जीव तिथे टिकत नाहीत. आज्या तांब्याच्या घागरीत पाणी भरून ठेवायच्या, तेही काही वेगळं नाही. ही युक्ती जुनी. 1761, म्हणजे आपल्याकडे पानिपताचं साल. त्याच साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. बूड स्वच्छ राहिलं, पण पत्र्यांना टेकलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात खंगून गेले. दोन धातू आणि मध्ये मीठपाणी आलं की त्यातला लवकर गंजणारा धातू मरतो.

हा खिळ्यांचा किस्सा मी नव्या पोरांना मुद्दाम सांगतो. कारण आजच्या पुष्कळ कॅटामरानच्या बुडातून इंजिनाच्या पंख्याचा जो दांडा खाली उतरतो, त्याचं आवरण अॅल्युमिनियमचं असतं. जोशात कोणी त्यावरही तांब्याचा रंग फिरवला तर अॅल्युमिनियमला खड्डे पडायला लागतात. त्याच्यासाठी बिनतांब्याचा रंग वेगळा. जवळच जस्ताचा एक गोळा बसवलेला असतो. तो स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवतो. त्यावर कोणताच रंग लावायचा नाही. रंगवलेलं जस्त म्हणजे झोपलेला राखणदार. एके काळी कथिलाचं विषारी संयुग घातलेले रंगही चालायचे आणि फार चालायचे, पण त्यांनी कालवं वेडीवाकडी झाली, समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली. 2008 पासून जगभर बंदी आहे. तांबंही काही प्रसाद नाही. जुना रंग मी कोरडा घासू देत नाही, ओलाच घासायचा, तोंडाला मास्क लावून, आणि खाली ताडपत्री.

पाण्याच्या रेषेवरचं काम वेगळं. तिथे शत्रू ऊन. फायबरच्या वर चकाकणारी जी कातडी असते तिला जेलकोट म्हणतात. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, नखाएवढी. उन्हाने ती वरून मरते आणि भुकटी होते. बोटीवर तळहात फिरवा, पांढरा झाला तर समजा पॉलिश गेलं. मग मशीनला लोकरीचा पॅड, त्यावर कंपाउंड, म्हणजे घासायची लेई, दोन बाय दोन फुटांचा चौकोन धरायचा, फिरता वेग कमी, हात चालता. ही मेलेली कातडी निघाली की खालून ताजी चमकते. मग बारीक पॉलिश, मग मेण किंवा आजकाल सिरॅमिकचा थर. काम सकाळी सावलीतच. तापलेल्या अंगावर कंपाउंड लावलं की दह्यासारखं फाटतं.

दुसऱ्याच हंगामात माझ्या हातून एक कोपरा गेला. मागच्या पायऱ्यांजवळची कड, संध्याकाळ झालेली, अजून एकच चौकोन म्हणून मशीन टेकवून ठेवलं. कडेला जेलकोट मुळातच पातळ. रबर जळाल्यासारखा वास आला आणि पांढऱ्यातून फायबरचं हिरवट विणकाम डोकावलं. रुपयाच्या नाण्याएवढं. मुकादम काही बोलला नाही, त्याने नुसता अंगठा त्या जागेवर ठेवला. तो दुरुस्त करायला मला दोन दिवस आणि माझी त्या आठवड्याची मजुरी लागली. आजही कड आली की आधी चिकटपट्टी लावतो आणि तिथे मशीन बंद ठेवून हातानेच घासतो.

घरी आल्यावर बाबांना हे सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवसांची गोष्ट. बाबा बैलाचं शिंग तासत बसले होते, मी वार्निशचा डबा धरून. ते म्हणाले, "शिंग दरसाल तासतो मी, पन कितीक? कागदाएवढं. जादा तासलं तं आतलं रगत लागते." मला तिकडे कोणी इतक्या साध्या भाषेत शिकवलं नव्हतं. प्रत्येक पॉलिश म्हणजे बोटीची थोडी कातडी कमी. म्हणून मालक म्हणाला की दरवर्षी मशीन मारा, तर मी नाही म्हणतो. गोड्या पाण्याने धुवा, मेण वेळेवर लावा, ताडपत्री घाला, मशीन तीन-चार वर्षांतून एकदा. अशाने माझंच काम कमी होतं, हे यार्डातली पोरं मला ऐकवतात. होऊ दे.

पाण्याच्या रेषेवर पिवळ्या डागाची मिशी येते, तिचं मात्र सोपं आहे. ऑक्झॅलिक अॅसिडचं जेल लावायचं, वाळू द्यायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत धुवायचं. हातमोजे घालून. ही मिशी किती वर आहे त्यावरून मालक कळतो. कॅटामरान एका अंगाला कलंडत नाही, तिची रेषा ठरलेली. पण ती ओझ्याला फार नाजूक. आत जास्तीचा जनरेटर, पाण्याची टाकी, चार सायकली कोंबल्या की बोट खाली बसते आणि तांब्याच्या रंगाच्या वर, जिथे काहीच राखण नाही, तिथे शेवाळ धरतं. मालक म्हणतो रंग खराब निघाला.

आपल्याकडे अशीच रेषा डोंग्याला यायची. नागपूरची घाण घेऊन नाग नदी कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, आणि मग ते सगळं गोसीखुर्दच्या धरणात साचतं. बाबा उन्हाळ्यात डोंगा उलटा करायचे, शेवाळ खरवडायचे, फटींत कापूस कोंबायचे आणि चुलीवर डांबर तापवायचे. त्याचे पैसे त्यांना कधी कोणी दिले नाहीत, हा एवढाच फरक.

यंदा गावच्या मासेमार सोसायटीतल्या एकाने मला नदीवर नेलं. त्यांची फायबरची बोट, निळी, चार उन्हाळे उघड्यावर काढलेली. हात फिरवला तर तळहात पांढराशुभ्र. भंडाऱ्याच्या गाडीसामानाच्या दुकानातून कंपाउंडची डबी आणली, जुन्या धोतराचं फडकं घेतलं, मशीन नव्हतं म्हणून हातानेच एक वीतभर जागा घासली. तास गेला. तेवढीच वीत अशी निळी निघाली की पोरं वाकून त्यात आपले दात बघू लागली. बाकीची बोट तशीच राहिली, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या बांधीत पाणी आलं आणि रोवणीला माणसं कमी होती. काकूंना मी ती वीत दाखवली. त्यांनी हाताचं बोट ओलं करून तिथे घासून पाहिलं, मग पदराला पुसलं. "बाकीची कवा करशीन?" म्हणाल्या.

पोळ्यानंतर, म्हटलं. तेवढ्यात गोव्याचा फोन आला नाही तर.