दोनशे मैलांचा वळसा

मी विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. उड्डाणाचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवून कागदावर सही करायची, हे माझं काम. खाली कॅप्टनचीही सही असते, त्यामुळे चुकलं तर दोघंही अडकतो.

हिवाळ्यातली सकाळ होती. लंडन-न्यूयॉर्कचं काम शिकाऊ मुलाकडे दिलं होतं. नऊच्या सुमारास ऑपरेशन्समधून फोन आला, "गँडरला का उतरवताय हो? काय झालंय?"

मला काहीच माहीत नव्हतं. गँडर म्हणजे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं विमानतळ. पंख्यांच्या विमानांच्या काळात अटलांटिक ओलांडताना बरीच विमानं तिथे इंधन भरायला थांबत. आजही समोरून जोराचा वारा असला की छोट्या विमानावर ती पाळी येते. आमचं विमान छोटंच होतं, पण त्या दिवशी उतरायची गरज पडायला नको होती.

पोराला विचारलं. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, संगणकानं मार्ग पार वर, ग्रीनलंडच्या बाजूला नेला होता. अंतर २०० सागरी मैलांनी वाढत होतं. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून सरळ मार्ग घातला."

त्याचा हेतू चांगला होता, हेच अवघड. संगणकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, हे मीच त्याला आठवडाभर सांगत होते.

त्याला शेजारी बसवलं आणि वाऱ्याचा नकाशा उघडला. सरळ मार्गावर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, नाकासमोर, सरासरी १२० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). आमच्या विमानाचा हवेतला वेग ४५०, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं उरले ३३०. लंडन-न्यूयॉर्क साधारण ३,००० सागरी मैल, किलोमीटरमध्ये साडेपाच हजारांच्या वर. भागाकार त्यालाच करायला लावला: नऊ तास पाच मिनिटं. वरच्या मार्गावर ३,२०० मैल, पण समोरचा वारा फक्त ५० नॉट. आठ तास!

"आता हवेतले मैल काढ," मी म्हटलं. लोक ज्याला हवाई अंतर म्हणतात, ते खरं तर जमिनीवर मोजलेलं असतं. विमान कापतं ती हवा, आणि ती हवाच उलट्या दिशेनं पळत असते. सरळ मार्गावर जवळजवळ ४,१०० मैल हवा कापावी लागणार होती, वळशाच्या मार्गावर ३,६००. इंधन त्या आकड्यावर जळतं.

म्हणून तर उत्तर अटलांटिकवरचे मार्ग रोज वारा बघून नव्यानं आखतात. हाच वारा पाठीशी असला की काय होतं? फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. एरवी तिकडून यायला साडेसहा-सात तास लागतात.

मार्ग पुन्हा वर नेला, इंधन नव्यानं काढलं, गँडर रद्द केलं. कॅप्टननी फोनवर फक्त वरचे वारे विचारले आणि सही केली. पोरगा दिवसभर गप्प होता.

विमान हवेत आठ तास तीन मिनिटं होतं. या कामात तीन मिनिटांची चूक म्हणजे पेढे वाटावेत अशी. पण न्यूयॉर्कला उतरल्यावर त्याची जागा दुसऱ्याच विमानानं अडवलेली, त्यामुळे चाळीस मिनिटं टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीपासून जागेपर्यंतच्या रस्त्यावर, उभं राहावं लागलं. आणि वेळापत्रकाची वेळ धरतात ती इथल्या ठोकळ्यांपासून तिथल्या ठोकळ्यांपर्यंत, म्हणजे चाकाखालचे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत.

संध्याकाळच्या अहवालात आमच्या नावापुढे लागलं: "उशीर". पोरगा माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला.