तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडचं फुकट बरं की इकडचा मेडिक्लेम?

पुण्याला आले की कुणी ना कुणी म्हणतंच, "तुमच्या इंग्लंडात सगळं फुकट, पण नंबर लागेपर्यंत माणूस जायचा. त्यापेक्षा आपला मेडिक्लेम बरा, नाही का?" आजवर हसून विषय बदलला. आता लिहूनच टाकते.

फुकट नाही हो. पगारातून कर जातो, नॅशनल इन्शुरन्स जातो, शिवाय व्हिसावर असेपर्यंत आरोग्य अधिभार, तो आता मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड. नंबराचं मात्र खरं आहे. १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हा एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दंडक कित्येक वर्षं पाळला गेलेला नाही. पित्ताशयातल्या खड्यांसाठी मी महिनोन्‌महिने थांबले. रात्री पोट धरून रडलेही.

आता आण्णांचं, माझ्या वडिलांचं ऐका.

बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, उत्तम झालं. (मोडलेल्या खुब्याला इंग्लंडातही रांग नसते, ३६ तासांत ऑपरेशन करावं अशी अपेक्षा असते. हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगितलं.) डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर सकाळी राउंडला "घरी जा" म्हणून गेले. सुई काढली, आण्णांनी सदरा चढवला. फाइल बिलिंगला, तिथून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्यांकडे. दुपारी क्वेरी आली: रक्तदाब कधीपासून? केसपेपरवर ज्युनिअर डॉक्टरने 'बारा वर्षं' लिहिलेलं, पॉलिसी नऊ वर्षांची, म्हणजे जुना आजार लपवला असा संशय. रक्तदाबाचा आणि घसरून पडण्याचा संबंध काय, ते विचारायची सोय नाही. पॉलिसी घेताना फॉर्मवर तो नोंदवला होता, पण झेरॉक्स घरी. भाऊ स्कूटर काढून पळाला. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, असा इर्डाचा, म्हणजे विमा नियामकाचा, २०२४ पासूनचा नियम मी काउंटरवरच्या मुलीला मोबाइलवर दाखवला. "मॅडम, क्वेरी निघाली की वेळ परत पहिल्यापासून," ती म्हणाली. तिचा तरी काय दोष?

रात्री मंजुरी आली, कापून. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. खोली ८,००० ची. नुसता वरचा फरक नाही कापत. सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग, सगळ्याचे आठातले पाचच भाग देतात. औषधं आणि इम्प्लांट तेवढे सुटले.

"पॉलिसी वाचायची होतीस," चुलतभाऊ म्हणाला. वाचली होती! शेअरिंगमध्ये खाट रिकामी नव्हती, आणि मोडलेल्या खुब्याचा माणूस घेऊन रात्री दुसरं हॉस्पिटल कुठे हुडकायचं? तेवढ्यात आण्णा म्हणाले, "माझी एफडी मोड." ऐंशीच्या घरातला माणूस, टाके ओले, आणि डोक्यात एफडी.

तिकडे लीड्सला माझ्या खड्यांच्या वेळी खाटेशी पैशाची गोष्ट कुणी काढली नाही. तिकडची बाजू घेते ती एवढ्यासाठी. पण नवऱ्याचा गुडघा दुखला तेव्हा आम्ही त्याच्या कंपनीच्या खाजगी विम्यावर रांग टाळलीच. नवीन गेले तेव्हा मी येता-जाता सगळ्यांना १९४८ साली सुरू झालेली एनएचएस, ती उभारणारा मंत्री बेव्हन, समता असं सगळं ऐकवायचे. ती मी आज मला ढोंगी म्हणेल. म्हणू दे. तिला अजून खडे झाले नव्हते.

फक्त तिथला खाजगी विमा सहसा मधुमेह-रक्तदाबासारखी जुनाट दुखणी घेत नाही, अपघात झाला तरी जायचं सरकारीतच. म्हणजे तो सरकारी व्यवस्थेच्या खांद्यावर उभा आहे. आपल्या मेडिक्लेमखाली काय आहे? ससून आहे, महात्मा फुले योजना आहे. पण त्या रात्री आण्णांना ससूनला न्यायचं कुणी सुचवलं नाही. मीही नाही.

"मग त्यांना तिकडेच ने ना," हा पुढचा प्रश्न. म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं नेणं तिथल्या नियमांत जवळपास अशक्य. पाहुणे म्हणून आले आणि ठरवून ऑपरेशन करायचं झालं, तर एनएचएस परदेशी पाहुण्याकडून दीडपट दर घेते, तोही आगाऊ. तेव्हा यंदाचा मेडिक्लेमचा हप्ता भरलाय, खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसीचा. महाग पडला.