दुनाली परत देऊ नका

मध्य प्रदेशच्या 2023च्या विधानसभेचा निकाल 3 डिसेंबरला लागला आणि बंदुकांचे परवाने पाहणाऱ्या आमच्या शस्त्र शाखेत झुंबड उडाली. निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोकांना परत हव्या होत्या, त्याही आजच. ठाणं आमच्याकडे पाठवतं, आम्ही ठाण्याकडे. ग्वाल्हेरकडे लगीनसराईत खांद्यावर दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, नसेल तर काहींना अंगात सदरा नसल्यासारखं वाटतं. (वरातीत बेपर्वाईने गोळी झाडली तर 2019च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण वरातीत कायदा कोण वाचतो!)

त्या गर्दीत एक काकू होत्या. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून सरळ मराठीत म्हणाल्या, "भाऊ, आमच्या ह्यांची बंदूक परत देऊ नका."

बंदूक द्या म्हणणारे मी हजारो पाहिलेत. देऊ नका म्हणणारं हे पहिलंच माणूस.

"रात्री दोन-दोनला उठून नळी पुसत बसायचे. कोणीतरी घराबाहेर उभं आहे म्हणायचे. एकदा म्हणाले, आधी तुला, मग मला. ऑक्टोबरात ठाण्यात जमा केली, तेव्हापासून मी झोपतेय."

"लिहून द्याल?"

"लिहून दिलं तर घरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी फाईल काढली. परवान्याची मुदत डिसेंबरअखेर संपत होती, नूतनीकरणाचा अर्ज आलेला. ठाण्याचा अहवाल एका ओळीचा: कोणताही गुन्हा नाही, वर्तणूक चांगली.

1959च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 9 मला पाठ आहे. वय 21 पूर्ण नसलेला, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून पाच वर्षं न झालेला, शांतता राखण्याच्या जामिनाखाली असलेला. यांना बंदूक नाही. त्याच सकाळी मुरारच्या एका पोराचा अर्ज मी बाजूला काढला होता. शेजाऱ्याशी नालीवरून भांडण, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 107-116 मध्ये बाऊंड ओव्हर, म्हणजे शांतता राखण्याचा जामीन लिहून दिलेला, मुदत चालू. विषय संपला. पोरगा मला तरी बरा वाटला होता.

काकूंच्या नवऱ्यावर कागदाचा एक डाग नव्हता.

उरतं कलम 14. कोणत्याही कारणाने व्यक्ती अयोग्य वाटली तर परवाना नाकारता येतो, आणि कलम 15 मुळे नूतनीकरणालाही तेच लागू. पण कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि अर्जदाराने मागितलं तर त्याला सहसा सांगावंही लागतं. कारण म्हणून काकूंचं नाव लिहायचं? हरलेला माणूस आयुक्तांकडे अपिलात जाणार, तिथे ते वाचलं जाणार.

निर्णय माझा नव्हताच, मी बाबू. नोटशीटवर एवढंच लिहिलं: अर्जदाराचे वय पाहता मनोविकारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र व ठाण्याचा पुन्हा, घरी जाऊन, अहवाल मागवावा, तोवर शस्त्र ठाण्यातच राहावे. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

आठवड्याने ते गृहस्थ आले. इस्त्रीचा कोट, बोलणं अतिशय सभ्य.

"माझ्याविरुद्ध कोणी काही सांगितलंय का?"

"नाही हो. यंदा ज्येष्ठांच्या सगळ्याच फायलींना लावलंय," मी खोटं बोललो.

ते हसले. "मग पाठवा ठाणेदाराला घरी. आमच्या हिला विचारू दे, मी कसा माणूस आहे ते."