अकरा पायऱ्या आणि शेवटचं शून्य

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. २०२४ साली सापडलेली ही मूळ संख्या ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे. ती मूळ आहे हे कुणी ठरवलं आणि कसं, या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. म्हणून तीच चाचणी मी एका लहान संख्येवर स्वतःच्या हाताने करायची ठरवली. निवडली ८१९१, म्हणजे २ चा १३ वा घात वजा १.

लुकास-लेमर चाचणीची कृती सांगायला सोपी आहे. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, ८१९१ ने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकातून २ वजा करून जितके उरतात तितक्या वेळा, म्हणजे इथे ११ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही.

१४, १९४ आणि मग ३७६३४. इथे भागाकाराची एक सुंदर सोय आहे. ८१९२ ला ८१९१ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून ८१९२ ने भागायचं आणि भागाकार व बाकी यांची सरळ बेरीज करायची. ३७६३४ मध्ये ८१९२ चार वेळा जातात, उरतात ४८६६, बेरीज ४८७०. संगणकाला तर ८१९२ ने भागणं म्हणजे द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत लिहिलेले अंक एका जागी तोडणं, बस.

पहिल्या खेपेला माझ्या हाती शेवटी ६९३८ आलं. फार वाईट वाटलं, कारण ८१९१ मूळ आहे हे मला ठाऊक होतं. चूक शोधायला तासभर गेला: ५९७० च्या वर्गातून २ वजा करायचे राहिले होते. १८५७ ऐवजी १८५९ लिहिलं आणि पुढच्याच पायरीला ३६ च्या जागी ७४६८ आलं. चुकीचा आकडा अगदी बरोबर आकड्यासारखाच दिसतो, वाटेत कुठेही इशारा मिळत नाही. ज्याच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते त्या फ्रेंच गणितज्ञ लुकासने १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या संगणकाशिवाय मूळ ठरवली होती. त्या चिकाटीचा अर्थ मला त्या तासाभरात कळला.

दुसऱ्या खेपेला प्रत्येक पायरी दोनदा तपासली. ३६, १२९४, ३४७०, मग १२८. १२८ चा वर्ग १६३८४, वजा २ म्हणजे १६३८२. ही तर ८१९१ ची बरोबर दुप्पट! बाकी शून्य. मी तो कागद बराच वेळ नुसता बघत बसलो.

मग २०४७ घेतली, २ चा ११ वा घात वजा १. नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरले, म्हणजे ती मूळ नाही. पण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, हे त्या १७३६ मधून काही केल्या दिसत नाही. अवयव हाती न लागताही ते आहेत याची खात्री मिळते, आणि मला या चाचणीतलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं.

त्या मोठ्या संख्येसाठी अशा पायऱ्या होतात १३,६२,७९,८३९, आणि प्रत्येक पायरीला वर्ग करायचा तो कोट्यवधी अंकी संख्येचा.