नवतप्यात लागलेलं दुखणं

नागपुरात थंडी पडल्याची बातमी मला वर्तमानपत्राआधी आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून कळते. डिसेंबरात पारा १० अंशांच्या खाली उतरला की सकाळी सातच्या सुमारास खालून आवाज यायला लागतात. धडधाकट गाडीचा सेल्फ एका दमात 'खर्र' करतो आणि विषय संपतो. बाकीच्यांचा सेल्फ सुरू होतो, जड होतो, रेंगाळतो आणि मग नुसतंच 'टक् टक् टक्'. लगेच गॅलऱ्यांमधून सल्ले सुटतात. पेट्रोलात पाणी असेल. प्लग पाहून घ्या. हल्ली तर गाडीला काहीही झालं तरी निदान एकच, पेट्रोलात मिसळलेलं २० टक्के इथेनॉल. बॅटरीचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, तेही 'मागच्याच दिवाळीच्या मागच्या दिवाळीला नवी टाकली होती' या तक्रारीसकट.

आणि बॅटरीवर एकमत झालंच, तर खापर थंडीवर फुटतं. माझ्या मते थंडी बिचारी फक्त चुगली करते. खरं काम मे महिन्यातच झालेलं असतं. सूर्य रोहिणीत गेला की आमच्याकडे नवतपा सुरू होतो. ते नऊ दिवस पंचेचाळीसच्या आसपासच्या उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली काय शिजत असेल, याचा विचार कूलरसमोर बसून कुणी करत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हे बारावीत घोकलेलं असतं. पण बोनेटखालीही रसायनशास्त्रच चालतं हे आपण विसरतो. उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं आणि शिशाच्या धन पत्र्यांची जाळी आतल्या आत गंजत जाते. उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण गरम इंजिन फिरवायला जोर कमी लागतो. डिसेंबरात एकीकडे ऑइल घट्ट झालेलं असतं, दुसरीकडे ॲसिडही सुस्तावलेलं असतं. सेल्फला जास्त ताकद हवी असते नेमकी तेव्हाच बॅटरी कमी देते.

तसं हे यंत्र फार जुनं. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसाने शिसं आणि ॲसिड यांची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली १८५९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे सत्तावनचा उठाव होऊन दोनच वर्षं झाली होती. रसायन आजही तेच. सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, मिळून १२.६. वीज काढली की पत्र्यांवर लेड सल्फेट साचतं, चार्ज केली की ते परत ॲसिडात जातं. पण गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली आणि बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली, तर त्या सल्फेटचे कडक खडे होतात आणि मग ते जागचे हलत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊननंतर कितीतरी गाड्या एवढ्यानेच बसल्या. इंजिनाला काही झालं नव्हतं, नुसतं उभं राहणं भोवलं होतं.

अँबॅसिडरच्या काळात बॅटरी बसली तर माणूस चिडायचा, पण घाबरायचा नाही. बंपरच्या भोकातून हँडल घालायचं, दोन झटके मारायचे. नाहीतर चार पोरं बोलावून धक्का. एकदा इंजिन लागलं की पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला बॅटरीशी देणंघेणं नसे. पेट्रोल ओढणारा पंपही इंजिनच्याच जोरावर चालायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा सेल्फ आला, त्यानंतरही कितीतरी वर्षं बॅटरीचं काम गाडी जागी करण्यापुरतंच होतं.

आता तसं राहिलं नाही. पेट्रोलचा पंप टाकीत, आणि तो विजेवर. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर विजेवर, हवा कमी-जास्त सोडणारा थ्रॉटल विजेवर, स्टेअरिंग विजेवर, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, तर विजेवर आहेच. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला क्षणभर उशीर होतो. ईसीयूला हे ठाऊक असतं, म्हणून तो इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवून हिशोब जुळवतो. पण सेल्फ मारताना व्होल्टेज नऊच्याही खाली कोसळलं तर तो स्वतःच गडबडतो. मग इंजिन फिरतं, पण लागत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, इंजिनातच खोट आहे.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं असंच झालं. त्यांची छोटी पेट्रोल गाडी सेल्फ बरा घ्यायची. पण व्हरायटी चौकातल्या सिग्नलला एसी आणि दिवे चालू असले की स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं संथ फिरणं, डगमगायचा, दिवे मंद व्हायचे, आणि पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की कधी कधी गाडी बंदच. "इंजिन मरगळून राहिलं भाऊ," काका मला लिफ्टमध्ये सांगायचे, घरातलं कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून. मेकॅनिकने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी धुतली, एअर फिल्टर बदलला. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं.

आतला व्यवहार समजून घेतला तर दोष कुठे आहे ते कळतं. बॅटरी म्हणजे घरातली अडीनडीला उसने पैसे देणारी आत्या. सेल्फ तिच्याकडून दोन सेकंदांसाठी शंभर-दीडशे अँपियर उचलतो, इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारा ऑल्टरनेटर ते काही मिनिटांत फेडतो. निरोगी बॅटरीला हे देणं किरकोळ असतं. पण सिग्नलला इंजिन संथ फिरत असताना ऑल्टरनेटरची कमाईही कमी असते. त्यात एसीचा पंखा, हेडलाइट, वर स्टेअरिंगने एकदम मारलेला ओढा. अशा वेळी फरक भरून काढायचा तो बॅटरीनेच. तिचीच पेटी रिकामी असेल तर सगळा भार ऑल्टरनेटरवर येतो. त्यातून एखादा सेल आतून शॉर्ट झाला असला की बॅटरी देणं सोडून उलट दिवसभर मागतच राहते.

आणि ऑल्टरनेटर वीज काही हवेतून काढत नाही, इंजिनच्या पट्ट्यावरूनच काढतो. १४ व्होल्टवर ५० अँपियर म्हणजे ७०० वॅट. मधली गळती धरली तर इंजिनावर दीड-एक हॉर्सपॉवरचा बोजा पडतो. वर्धा रोडवर ऐंशीच्या वेगाने जाताना हा बोजा कुणाच्या खिजगणतीत नसतो. सिग्नलला जेमतेम धुगधुगणाऱ्या इंजिनाला मात्र तो जाणवतो. थकलेल्या बॅटरीने इंजिनाची ताकद कमी होते असं लोक म्हणतात, ते मला याच मर्यादेत पटतं. सुरू होताना आणि संथ चालताना, हो. चढावर गाडी ओढत नसेल, तर बॅटरीला सोडा आणि क्लचकडे बघा.

बॅटरीची परीक्षा घेण्याच्या आपल्याकडच्या पद्धती हा वेगळाच विषय आहे. चालू गाडीची टर्मिनल काढून 'बघा, गाडी बंद नाही पडली, ऑल्टरनेटर ओके' असं सांगणारे उस्ताद अजूनही भेटतात. अँबॅसिडरला हे खपून जायचं. आजच्या गाडीत त्या झटक्याने ऑल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू दोन्ही उडू शकतात, आणि तपासणी फुकट असली तरी बिल मोठं येतं. बॅटरी चार्ज आहे की नाही हे दाखवणाऱ्या, तिच्यावरच्या त्या हिरव्या डोळ्यावरही माझा फार विश्वास नाही. तो सहापैकी एकाच सेलमध्ये डोकावतो. बाकीच्या पाचांचं काय चाललंय हे त्याला कुठून कळणार? मीटर लावून १२.४ दिसलं म्हणूनही हुरळायचं कारण नाही. उभ्या गाडीत म्हातारी बॅटरीही आकडा छान दाखवते. तिच्यावर लोड टाकला, म्हणजे तिच्यातून जोरात वीज ओढली, की खरं कळतं.

काकांच्या बॅटरीचंही तेच झालं. शेवटी बॅटरीच्या दुकानातल्या पोराने लोड टेस्टरचे चिमटे लावले आणि काटा सरकन खाली गेला. "काका, इंजिन झकास आहे. ही गेली," एवढंच तो बोलला. जुनी बॅटरी त्याने वजनावर परत घेतली, कारण शिसं वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं. गंजलेल्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुतली, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं. नवी बसवल्यावर पहिला दिवस स्लो थोडा वर-खाली झाला. तसं होतं, ईसीयूची शिकलेली गणितं पुसली जातात आणि तो ती पुन्हा शिकतो. मग सगळं सुरळीत.

तेव्हापासून काका भेटेल त्याला सांगतात की गाडीचा पिकअप वाढला. मी एकदा हॉर्सपॉवरचं वगैरे समजावून पाहिलं. सिग्नलला गाडी डगमगत नाही म्हणून पाय मोकळेपणाने दाबला जातो, बाकी इंजिन होतं तेवढंच आहे, असं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "ते असेल भाऊ, पण मायलेजही वाढलं." मागे काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मायलेज वाढलं म्हणतेत, आन् पेट्रोलचे पैसे माझ्याजवळून तेवढेच नेऊन राहिले."