एकदांडीचे तीन दात पडले

एकदांडी या रानात उगवणाऱ्या तणाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द ट्रायडॅक्स. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की ट्रायडॅक्स म्हणजे 'तीन दात'. ते मागे घेतो.

त्या दातांपायी चार रविवार घातलेत हो. नाशिकच्या पांडवलेणीच्या पायथ्याला गुडघे टेकून एकेक स्तबक (आपण एक फूल समजतो तो बारीक फुलांचा गुच्छ) उकललं. फिकट पिवळसर किरणपुष्पकं, म्हणजे कडेची पाकळीसारखी दिसणारी फुलं, बहुतेकांत पाच. ऑनलाइन मागवलेलं भिंग म्हणे १० पटीचं. त्यातून नुसता पिवळा धुरळा दिसायचा. शेवटी घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग घेतलं. स्वस्त, आणि हात मोकळे राहतात. प्रत्येक किरणपुष्पकाच्या टोकाचे तीन दाते स्वच्छ दिसले तेव्हा एकटाच हसत होतो, लेणी चढणारी मंडळी वळून बघत होती.

दाते सापडले, नाव मात्र जुळेना. ग्रीकमध्ये तीनला 'त्रि'च, आपल्यासारखं. मूळ शब्द वहीत देवनागरीत उतरवायला घेतला आणि हात अडखळला. तिथे त नाहीच, थ आहे! 'थ्रिदाक्स'. रोमन स्पेलिंगमध्ये गळालेला ह आपल्या बाराखडीने पकडून दिला. आणि थ्रिदाक्स म्हणजे काय, तर लेट्यूस. सॅलडचा पाला. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या एका गोष्टीत राणी त्याचीच पानं खुडते. दातांचा काडीचा संबंध नाही.

मग मेक्सिकोतल्या तणाला ग्रीक भाजीचं नाव कशाला? इथे आठवडाभर अडलो. उत्तर लिनियसच्या, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या सवयीत निघालं. अमेरिकेतल्या झाडांना तो जुनी ग्रीक नावं बिनदिक्कत देऊन टाकायचा. 'कॅक्टस' हे मूळ दुसऱ्याच काटेरी झाडाचं नाव, 'झिया' एका जुन्या धान्याचं. एक निवडुंगाला गेलं, दुसरं मक्याला. १७५३ मध्ये आपल्या एकदांडीच्या वाट्याला लेट्यूस आलं. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, एवढीच काय ती भावकी.

नावाचा उत्तरार्ध 'प्रोकम्बेन्स', म्हणजे भुईवर पसरलेलं. याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. परवा दिंडोरीकडच्या भाजीवाल्या आजींना रोप दाखवलं तर म्हणाल्या, "ही कंबरमोडी हाय ना भाऊ." घरी येऊन कुंडीतलं रोप डोळ्यांच्या पातळीला धरलं. खोड मातीवर लोळतं, पेऱ्याशी मुळं धरतं आणि तिथून एकदम वर वळतं. कंबरेत मोडल्यासारखं! लॅटिननं नुसतं पसरणं पाहिलं, मराठीनं वळणही टिपलं, असं माझं मत. एकदांडी तर सरळच आहे: वीतभर केसाळ दांडी, वर एकच फूल.

पुढची नोंद कुर्डूची ठरली होती, ती लांबणीवर. लिहिता लिहिताच सुचलं: कामाप्रमाणे नाव बदलतं का? 'दगडी पाला' म्हणणारे मला भेटले ते बहुतेक कापल्यावर पानांचा रस लावणारे. निफाड, पेठ, इगतपुरीवाले, तुमच्याकडे काय म्हणतात ते कळवा. रोप हातात देऊन विचारा मात्र. फोटोत सगळे फूलच काढतात, खोड येतच नाही.