ताऱ्याने गिळलेलं काही वाचतं का?

आकाशदर्शनात सूर्याच्या म्हातारपणाचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेलाच: ‘सूर्य फुगून बुध-शुक्राला गिळणार म्हणता, पण ताऱ्याच्या पोटात गेलेलं काही वाचतं का हो?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: वाचतं, पण अंगात वजन हवं. बुध-शुक्राची आशा सोडा.

शिल्पकार तारकासमूहात सुमारे ३३० प्रकाशवर्षं दूर ‘डब्ल्यूडी ०१३७-३४९’ नावाचा श्वेत बटू आहे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उघडा पडलेला गाभा. गुरूच्या पन्नासेक पट वस्तुमानाचा एक तपकिरी बटू त्याला ११६ मिनिटांत फेरी मारतो. हा ग्रहाहून जड, पण हायड्रोजन कायम पेटता ठेवायला अपुरा. दोघांतलं अंतर सूर्याच्या त्रिज्येहूनही कमी. फुगलेल्या ताऱ्याची त्रिज्या याच्या कितीतरी पट होती, म्हणजे आजची कक्षा तेव्हाच्या ताऱ्याच्या पोटातच येते.

‘मग तो नंतर जवळ सरकला असेल,’ असं कोणीतरी म्हणतंच. शंका रास्त आहे. पण त्या श्वेत बटूचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ०.४ पट आहे. एकट्या ताऱ्याला इतका हलका गाभा मागे ठेवायला विश्वाचं आजवरचं वयही पुरणार नाही. गाभा वाढत असतानाच त्याचं वायूचं आवरण कोणीतरी उतरवलं. कोणी, ते समोरच फिरतंय!

पोटात शिरल्यावर वायूच्या विरोधाने तपकिरी बटूची कक्षा आकसत गेली आणि त्यातून सुटलेली ऊर्जा आवरणात मुरली. एवढ्या जड वस्तूच्या कक्षेतली ऊर्जा ते आवरण उधळून द्यायला पुरली. ग्रहाची पुरत नाही. आवरण सुटण्याआधीच तो संपतो. म्हणून या बटूला ‘बिचारा, कसाबसा वाचला’ म्हणणं मला पटत नाही. आवरण त्यानेच तर उडवलं.

अर्थात पुढचं आयुष्य सुखाचं नाही. एकच बाजू कायम श्वेत बटूकडे. अशाच दुसऱ्या जोडीतल्या, तारा आणि तपकिरी बटू यांच्या सीमेवरच्या सोबत्याची उजेडाची बाजू सुमारे ८,००० केल्व्हिन निघाली. २०२३ मध्ये ते जाहीर झालं. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० च्या आसपास! अंधारी बाजू मात्र हजारो अंशांनी थंड.

शिल्पकारातली जोडी गुरुत्वीय लहरींमुळे हळूहळू आणखी जवळ येतेय. सुमारे १४० कोटी वर्षांनी श्वेत बटू सोबत्याचा वायू ओढायला लागेल, असा हिशेब आहे.